गाडी नसताना घाऊक खरेदी: वजन, जागा आणि फेऱ्यांचं गणित

घाऊक घेतलं की स्वस्त पडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा सल्ला देणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक गाडी असते: तिची डिकी, दुकानापुढची पार्किंगची जागा आणि घरी सामान उतरवल्यावर ते ठेवायला एखादी मोकळी खोली. शहरात दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या, बसने किंवा पायी फिरणाऱ्या माणसाने तोच सल्ला जसाच्या तसा उचलला तर खांदे भरून येतात, पलंगाखाली खोकी साचतात आणि चार महिन्यांनी अर्धं पीठ फेकावं लागतं. मग ‘आपल्याला हे जमणारं नाही’ असं म्हणून लोक पुन्हा लहान पाकिटांकडे वळतात आणि वर्षभर जास्तीचे पैसे मोजत राहतात.

हे टाळता येतं. गाडीवाल्यांची घाऊक खरेदी म्हणजे एका फेरीत सगळं. आपली घाऊक खरेदी म्हणजे एका फेरीत एकच जड वस्तू, पण ती भरपूर. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका तत्त्वावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: खप मोजा

आपल्या घरात कोणती गोष्ट किती लागते, याचा आपला अंदाज सहसा चुकतो. रोजच्या वापरातलं आपण कमी धरतो आणि हौसेने आणलेलं जास्त. यासाठी वही-पेन घेऊन महिनाभर नोंदी ठेवायला मी सांगणार नाही, कारण ते कोणी करत नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरात एक मार्कर ठेवा. पाकीट उघडलं की त्यावर त्या दिवसाची तारीख टाका. संपलं की तारीख बघा आणि मधले दिवस मोजा. ५ किलो तांदूळ ४० दिवस पुरले, तर महिन्याचा खप पावणेचार किलो. म्हणजे १० किलोची गोणी ८० दिवस चालेल. दोन-तीन पाकिटं अशी संपली की आकडा पक्का होतो. साबण, टूथपेस्ट, डायपर, भांड्यांची पावडर यांनाही हीच रीत लावा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. घरात साठा वाढला की काही वस्तूंचा खपही वाढतो. कुसुम ऐलावाडी आणि स्कॉट नेस्लिन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दही आणि केचअप यांच्या खरेदीचा अभ्यास मांडला होता. साठा वाढल्यावर दही जास्त भराभर संपायचं, केचअपच्या बाबतीत हा परिणाम बराच कमी होता. यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं, की जे सहज तोंडात टाकता येतं ते मोठ्या प्रमाणात आणू नये. बिस्किटं, वेफर्स, सुकामेवा, थंड पेयं यांत दरामध्ये वाचलेले पैसे जास्तीच्या खाण्यात जातात. कपडे धुण्याची पावडर मात्र घरात जास्त आहे म्हणून कोणी दोनदा कपडे धुवत नाही. ती बिनधास्त आणा.

दुसरी पायरी: खरा दर काढा

मोठं पाकीट म्हणजे स्वस्त पाकीट, असं गृहीत धरू नका. मोठ्या पाकिटाचा किलोमागचा दर लहानापेक्षा जास्त असण्याचे प्रकार सर्रास दिसतात, कारण गिऱ्हाईक मोठं पाकीट बघून गणित करायचं थांबतं. म्हणून दर नेहमी किलोला, लिटरला किंवा नगाला काढायचा. युरोपीय संघाने १९९८ च्या नियमाने दुकानांत असा एककाचा दर लावणं बंधनकारक केलं, ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या किराणा दुकानांसाठी असा नियम २००९ मध्ये आला. जिथे फळीवर असा दर लिहिलेला असेल तिथे तोच वाचा, मोठ्या अक्षरातली किंमत नंतर. नसेल तिथे फोनवरचा कॅल्क्युलेटर आहेच.

आता नासाडीचा हिशेब. समजा लहान पाकिटात एखादी वस्तू किलोला १०० ला पडते आणि १० किलोच्या गोणीत ८५ ला. गोणीचे झाले ८५०. यातलं दीड किलो कीड लागून किंवा खवट होऊन गेलं, तर हातात उरलं साडेआठ किलो आणि दर झाला पुन्हा १०० च. म्हणजे जितके टक्के सूट मिळाली तितके टक्के माल वाया गेला की सगळी बचत शून्यावर येते, आणि वाहून आणायचे कष्ट फुकट. हा नियम डोक्यात पक्का बसवा. १५ टक्के सुटीच्या वस्तूत १५ टक्के नासाडीची सोय नसते.

सभासद फी घेणाऱ्या मोठ्या गोदामवजा दुकानांचं गणितही असंच सोपं आहे. फी १०० असेल आणि तुम्ही एरवीही घेतलेल्या वस्तूंवर सरासरी १० टक्के वाचत असतील, तर १००० ची खरेदी होईपर्यंत तुम्ही फक्त फी फेडत असता. त्यात जाण्या-येण्याचं भाडं मिळवा. ‘एरवीही घेतलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तिथे दिसलं म्हणून घेतलेलं या हिशेबात धरायचं नाही.

तिसरी पायरी: किलोमागे किती वाचतं ते बघा

गाडीवाल्याला फक्त पैशांतली बचत बघून चालतं. आपल्याला एक भागाकार जास्त करावा लागतो: वाचलेले पैसे भागिले उचललेलं वजन. हा आकडा काढायला लागलं की यादी आपोआप बदलते.

चहा, कॉफी, अख्खे मसाले, दाढीची पाती, बॅटऱ्या, सॅनिटरी पॅड, टूथब्रश, दिवे. यांत किलोमागे बचत प्रचंड असते, कारण वजन नगण्य. अल्कलाइन बॅटऱ्या वर्षानुवर्षं टिकतात, पाती गंजत नाहीत तोवर चालतात. पिशवीच्या कोपऱ्यात वर्षभराचा साठा येतो. घाऊक खरेदीची सुरुवात इथून करा असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, आणि गंमत म्हणजे लोक इथे कधीच सुरुवात करत नाहीत. ते थेट गोणीकडे जातात.

दुसऱ्या टोकाला द्रव पदार्थ. पाणी, सरबतं, पातळ साबण, पातळ डिटर्जंट. यांच्यातला मोठा भाग पाणीच असतो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं. नळाला येणारं पाणी बाटलीत भरून जिना चढवण्यात अर्थ नाही. म्हणून जिथे पर्याय असेल तिथे कोरडं किंवा घट्ट घ्या: पातळ साबणाऐवजी वडी, पातळ डिटर्जंटऐवजी पावडर, फरशी पुसायच्या द्रावणाऐवजी त्याचं घट्ट मिश्रण. एवढ्या एका बदलाने महिन्याचं बरंच ओझं कमी होतं.

मधे उरतात तांदूळ, पीठ, साखर, तेल, कडधान्यं. वजनदार, पण रोज लागणारी. ही घ्यायचीच, पण पाळीने. त्याबद्दल पुढे येतंच.

चौथी पायरी: आपली ताकद घरूनच मोजून जा

१९३७ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. त्याने टोपल्यांना चाकं लावली आणि दुकानातली ढकलगाडी जन्माला आली. वजन जाणवू नये हाच तिचा हेतू होता, आणि आजही ती ते काम चोख करते. पैसे देऊन झाल्यावर, दाराबाहेर, ते सगळं वजन एकदम आपल्या हातात येतं. १९७६ मध्ये सॉल प्राइस यांनी सॅन डिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये सभासदांसाठीचं पहिलं गोदाम-दुकान सुरू केलं, तेव्हापासून पाकिटांचे आकारही गाडीच्या डिकीच्या मापाने वाढत गेले. दुकानाची मापं आपल्यासाठी केलेली नाहीत, हे समजून आपली मापं आपणच ठरवायची.

त्यासाठी एक सोपी चाचणी. जी पिशवी किंवा सॅक वापरणार, तिच्यात एक-एक लिटरच्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. प्रत्येक बाटली एक किलो. सहा बाटल्यांपासून सुरुवात करा आणि खरोखरच्या रस्त्याने चाला: दुकान ते बसथांबा, बसथांबा ते घर, घराचा जिना. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या वाढवा. जिथे चाल मंदावते, वाकायला होतं किंवा सारखे हात बदलावे लागतात, तो आकडा तुमची मर्यादा. त्याच्या दोन किलो खालचा आकडा तुमचं खरेदीचं माप. रस्त्यात पिशवी टेकवायची वेळ आली तर बाटल्यांतलं पाणी ओतून देता येतं, तांदूळ ओतून देता येत नाहीत. म्हणून चाचणी पाण्यानेच करायची.

तुलनेसाठी एक आकडा सांगते. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या एनआयओएसएच या अमेरिकी सरकारी संस्थेच्या सूत्रात, सगळी परिस्थिती आदर्श असताना उचलण्याच्या वजनाची कमाल २३ किलो धरली आहे. आदर्श म्हणजे ओझं अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, कुठेही वळावं-वाकावं न लागता, घट्ट पकडीसह. जिना, गर्दीची बस आणि पिशवीची बारीक मूठ यांत आदर्श असं काही नसतं. तेव्हा २५ किलोची गोणी एकट्याने उचलून आणण्याचा विचार सोडा. पाठीवर रोजच्या चालण्यात आपल्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंत ठेवलं तर बहुतेकांना झेपतं. ६० किलोच्या माणसाला ९ ते १२ किलो. कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर हा आकडा धरून चालू नका, डॉक्टर सांगतील तो धरा.

पाचवी पायरी: योग्य साधन

दोन हातांत दोन कापडी पिशव्या हे सर्वांत वाईट साधन. पाच-सहा किलोंनंतर मुठी बोटांत रुततात, हात मोकळे राहत नाहीत, बसमध्ये दांडा धरता येत नाही. तेच वजन सॅकमध्ये पाठीवर गेलं की चाल सरळ राहते. सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा, हलक्या बाहेरच्या बाजूला. उलट भरली की ती मागे ओढते आणि आपण पुढे वाकतो. कमरेचा पट्टा असेल तर तो नुसता लोंबू न देता आवळा, म्हणजे वजन खांद्यांवरून कमरेवर येतं.

पायी जाणाऱ्यांसाठी सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे ओढायची दोन चाकांची ट्रॉली. ती विकत घेताना पिशवीचा रंग-कापड बघू नका, चाकं बघा. लहान, कडक प्लॅस्टिकची चाकं फरशीच्या प्रत्येक खाचेत अडकतात. १५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी, रबराची चाकं पदपथाच्या कडेवरून सहज चढतात. ट्रॉली उलटी करून चाक बोटाने फिरवून बघा. आस वाकडी असेल तर तिथेच कळतं. मूठ तुमच्या उंचीला पुरते का, तेही दुकानात ओढूनच बघा. उंच माणसाच्या टाचेला ट्रॉली लागत राहते. घराला लिफ्ट नसेल तर तीन-तीन चाकांचे गुच्छ असलेली, जिना चढणारी ट्रॉली मिळते. ती सपाट रस्त्यावर जरा खडखडते, पण जिन्यावर तिची किंमत वसूल होते. चढताना आपण वरच्या पायरीवर, ट्रॉली खाली, आणि दोन्ही हातांनी तिला एकेक पायरी वर घ्यायची. घाई करायची नाही.

ट्रॉली भरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. सगळ्यांत जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या बाजूला. ट्रॉली तिरकी केल्यावर वजन आसेच्या जितकं जवळ, तितका भार चाकं घेतात आणि हाताला कमी ओढ लागते. जड गोणी वर ठेवली तर तेच वजन मनगटावर येतं आणि वळणावर ट्रॉली आडवी होते. मधल्या फटींत साबणाच्या वड्या, चहाची पाकिटं खोचा, म्हणजे सामान हलत नाही. वर मऊ आणि चुरडणाऱ्या गोष्टी. तेलाची बाटली नेहमी उभी आणि वेगळ्या पिशवीत, झाकण कितीही घट्ट वाटलं तरी. आणि एक रिकामी घडी केलेली पिशवी वरच्या कप्प्यात कायम ठेवा: जिन्याखाली पोचल्यावर अर्धं सामान तिच्यात काढून दोन खेपा करता येतात.

सायकल असेल तर काम फारच सोपं होतं. मागच्या कॅरियरवर किती भार चालतो ते सहसा त्याच्यावर कोरलेलं असतं, बऱ्याच कॅरियरवर २५ किलो. कॅरियरच्या वर गोणी बांधण्यापेक्षा दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या लावा. वजन खाली राहतं, तोल सांभाळता येतो. दोन्ही पिशव्यांत सारखं वजन हवं. पुढच्या बास्केटमध्ये दोन-तीन किलोंपेक्षा जास्त ठेवलं तर हँडल जड होतं. आणि भरल्या सायकलला थांबायला जास्त अंतर लागतं, तेव्हा निघण्यापूर्वी ब्रेक बघा.

बस-मेट्रोने जाणार असाल तर वेळ निवडा. दुपारी किंवा सकाळी लवकर, कामाला जाणाऱ्यांची गर्दी नसताना. मोठी ट्रॉली चालते का, हे त्या सेवेच्या नियमांत एकदा वाचून ठेवा.

सहावी पायरी: पाळी लावा

आता मुख्य गोष्ट. समजा घरात पाच जड वस्तू लागतात: तांदूळ, पीठ, तेल, साखर, कपड्यांची पावडर. गाडीवाला पाचही एका दिवशी आणेल. आपण एका फेरीत एकच आणायची. या आठवड्यात १० किलो तांदूळ, पुढच्या वेळी ५ लिटर तेल, त्यानंतर पावडरचं मोठं पाकीट. भाजी-दूध-ब्रेडसाठी तुम्ही एरवीही बाहेर पडताच. त्याच फेरीला एक जड वस्तू जोडायची. पाच-सहा आठवड्यांत घरात सगळ्याचाच साठा झालेला असतो आणि एकाही दिवशी हात भरून आलेले नसतात. वेगळी, खास ‘मोठी खरेदी’ करायची गरजच उरत नाही.

हे चालण्यासाठी साठा शून्यावर येऊ देऊन चालत नाही. त्याला सोपा उपाय: प्रत्येक वस्तूची दोन पाकिटं. एक चालू, एक बंद. बंद पाकीट उघडलं की ती वस्तू यादीत. लगेच आणायची नाही, तिची पाळी येईल तेव्हा. तोवर उघडलेलं पाकीट पुरतंच. तुमच्या खपाच्या मानाने एक पाकीट किमान तीन आठवडे चालावं, एवढा आकार निवडा. म्हणजे पावसाने, आजारपणाने एखादी फेरी बुडाली तरी अडत नाही. सवलतीचा चांगला भाव लागेपर्यंत वाट बघण्याइतका साठाही हाताशी असतो.

किती मोठं पाकीट घ्यावं, याचं उत्तर उद्योगधंद्यांनी फार पूर्वी शोधलं आहे. फोर्ड हॅरिस या अभियंत्याने १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र सांगतं, की एका वेळी मागवायचं प्रमाण हे फेरीचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च यांच्या तोलावर ठरतं. सूत्रात वर्गमूळ आहे, त्यामुळे फेरीचा खर्च चौपट झाला तरी प्रमाण दुप्पटच करायचं असतं. घरासाठी याचा अर्थ असा: दुकान लांब आहे म्हणून सहा महिन्यांचं भरायची गरज नाही. जवळच्या दुकानातून तीन आठवड्यांचं आणत असाल, तर चौपट खर्चाच्या लांबच्या दुकानातून सहा आठवड्यांचं आणलं की पुरे.

सातवी पायरी: पायी काय, घरपोच काय

घरपोच सेवेला बरेच जण सगळं किंवा काहीच नाही अशा नजरेने बघतात. खरा फायदा वाटणीत आहे. जड, ठरावीक आणि बघून घ्यायची गरज नसलेलं घरपोच मागवा: तेलाचे डबे, पावडर, मांजराची वाळू, डायपर. हलकं किंवा हाताळून घ्यायचं ते स्वतः आणा. पोचवण्याचं शुल्क टाळण्यासाठी ठरावीक रकमेची खरेदी करावी लागत असेल, तर त्या रकमेपर्यंत जड वस्तूंची यादी साठू द्या, दोन-तीन आठवडे थांबा. रक्कम गाठण्यासाठी नको ते भरू नका. पार्सल दारापर्यंत येणार की इमारतीच्या फाटकापर्यंत, हेही आधी विचारा. चौथ्या मजल्यावरच्या माणसासाठी सगळा फरक तिथेच आहे.

टॅक्सी किंवा भाड्याची गाडी कधी परवडते? जातानाचा प्रवास बसने किंवा पायी, येतानाचा फक्त टॅक्सीने, असा हिशेब धरा. त्या दिवशी होणारी बचत भाड्याच्या दुपटीहून जास्त असेल तर जा. बरोबरीत सुटत असेल तर वेळ आणि दगदग धरून तो तोटाच आहे. वर्षातून तीन-चार वेळा, नेमकी यादी घेऊन, शेजारच्यांना विचारून गेलात तर हे छान जमतं. दर महिन्याला गेलात तर बचत भाड्यात जाते.

आठवी पायरी: जागा लिटरमध्ये मोजा

लहान घरात ‘जागा नाही’ असं वाटतं, कारण आपण फळ्या मोजतो, घनफळ मोजत नाही. पलंगाखालचा २०० सेंटिमीटर लांब, ९० रुंद आणि २० उंच असा पट्टा म्हणजे ३६० लिटर. आता वस्तू बघा. तांदूळ लिटरला साधारण ८०० ग्रॅम बसतात, म्हणजे १० किलोला साडेबारा लिटर. पीठ हलकं, त्याला १७ ते २० लिटर लागतात. टॉयलेट पेपरचा ११ सेंटिमीटर व्यासाचा, १० उंचीचा रोल सव्वा लिटर जागा अडवतो. २४ रोल म्हणजे सुमारे ३० लिटर, वजन मात्र दोन-तीन किलो. हलक्या आणि फुगीर वस्तू पलंगाखाली, कपाटाच्या वर, दाराच्या वरच्या फळीवर. जड वस्तू जमिनीवर किंवा कंबरेच्या उंचीवर. १० किलोचा डबा डोक्याच्या वरच्या फळीवरून काढणं धोक्याचं आहे.

डबे चौकोनी घ्या. गोल डबा आपल्याभोवतीच्या चौकोनातली सुमारे पंचमांश जागा रिकामी सोडतो. साबण, पावडर, फिनाइल यांच्या शेजारी पीठ किंवा चहा ठेवू नका, वास लागतो. आणि दाराची वाट, जिन्याचा बोळ कधीही अडवू नका. आगीच्या वेळी तीच बाहेर पडायची वाट असते.

साठ्याला हद्द घाला. ‘या कप्प्यात मावेल तेवढंच’ अशी. हद्द नसली की साठ्याची अडगळ होते आणि मागचं काय आहे हे दिसेनासं होतं.

नववी पायरी: टिकवा

पांढरे तांदूळ कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. बिनसडीचे तांदूळ मात्र साधारण सहा महिन्यांत खवट होऊ लागतात, कारण कोंड्यात तेल असतं. सबंध गव्हाच्या पिठाचंही तसंच, आणि तेही जास्त लवकर. म्हणून पिठाची मोठी गोणी ही बहुतेक लहान घरांसाठी चुकीची खरेदी आहे, दर कितीही चांगला असो. साखर आणि मीठ ओल लागली नाही तर खराब होत नाहीत. अख्खे मसाले दळलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वास धरून ठेवतात. कडधान्यं टिकतात, पण गरम आणि दमट जागेत फार दिवस राहिली की शिजायला वेळ घेतात, कधी शिजतच नाहीत. दाणे आणि बिया तेलकट, त्यामुळे लवकर खवट. ब्लीचचा मोठा कॅन घेऊ नका. साधारण सहा महिन्यांनंतर त्याची ताकद कमी होत जाते.

माझा ठोकताळा असा: वस्तू जितके दिवस टिकते, त्याच्या निम्म्या दिवसांत संपणार असेल तरच मोठं पाकीट. तारखा बघताना फरक लक्षात घ्या. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव-वास उतरेल. ‘या तारखेपर्यंत वापरा’ म्हणजे नंतर खाऊ नका.

धान्यातल्या सोंडेकिड्यांबद्दल थोडं सविस्तर. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. म्हणून गोणी आणताना काहीच दिसत नाही आणि उबदार हवेत महिन्याभरात अचानक किडे फिरायला लागतात. उपाय म्हणजे आणल्या आणल्या धान्य दोन-दोन किलोंच्या घट्ट बंद पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवणं. अंड्यांसकट सगळं मरतं. फ्रीझर लहान असेल तर पाळीने एकेक पिशवी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच डब्यात ओता, नाहीतर थंड दाण्यांवर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. डबा आधी धुऊन कडकडीत वाळवलेला हवा. जुन्या धान्यावर नवं कधीही ओतायचं नाही, कारण जुन्यातली कीड नव्यात जाते आणि तळाचं धान्य वर्षानुवर्षं तळाशीच राहतं. जुनं वाटीत काढा, नवं भरा, जुनं वेगळं ठेवून आधी संपवा.

तेलाला उजेड, हवा आणि उष्णता चालत नाही. पाच लिटरचा डबा आणला तर रोजच्यासाठी लहान बाटली भरून घ्या आणि डबा लगेच बंद करून अंधारात ठेवा. दर वेळी मोठा डबा उघडला की दर वेळी नवी हवा आत जाते. पावडरला ओल लागली की गोळे होतात, तिलाही झाकणाचा डबा हवा.

गोठवलेले पदार्थ गाडी नसताना अवघड, पण अशक्य नाहीत. ते सगळ्यांत शेवटी घ्या, एकमेकांना चिकटून उष्णतारोधक पिशवीत ठेवा. लवकर नासणारे पदार्थ बाहेर दोन तासांहून जास्त राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. घरी ताजं मांस किंवा शिजवलेलं अन्न गोठवायचं असेल तर फ्रीझरच्या दर ३० लिटरमागे दिवसाला एक ते दीड किलोच घाला. एकदम भरलं तर आतलं आधीचंही वितळायला लागतं.

दहावी पायरी: वाटून घ्या

एकट्या माणसाला २० किलोची गोणी कधीच परवडत नाही, पण चार घरांना पाच-पाच किलो छान परवडतं. त्यासाठी मोठी संघटना लागत नाही. एकाच मजल्यावरची तीन-चार घरं पुरतात. काही गोष्टी मात्र सुरुवातीलाच स्पष्ट करा. पैसे आधी जमा, माल नंतर. वाटप वजनकाट्यावर, अंदाजपंचे नाही. ज्याने माल आणला त्याचं भाडं सगळ्यांत वाटून. आणि आणायची पाळी फिरती, म्हणजे एकाच्याच खांद्यावर सगळं येत नाही. सुरुवात न नासणाऱ्या वस्तूंनी करा: साबण, पावडर, तांदूळ. ताजी भाजी-फळं वाटायला घेतली की ‘मला पिकलेलीच आली’ हा विषय निघतो. ओळख मुरल्यावर तेही जमेल.

वयस्कर शेजारी असतील तर त्यांना यात जरूर घ्या. जिना चढवून सामान आणणं त्यांना सगळ्यांत जड जातं, आणि पैसे मोजायला, यादी सांभाळायला, पार्सल उतरवून घ्यायला दुपारी घरी असतात ते बहुतेक वेळा तेच.

घर बदलायचं ठरलं, की त्याच दिवसापासून पाळी थांबवा. बंद पाकीट उघडलं तरी नवीन आणू नका, लागलं तर लहान घ्या. साधारण दोन महिन्यांत साठा उतरतो, आणि उरलेलं तेल-धान्य शेजाऱ्यांना देऊन टाकता येतं. नव्या जागी पहिल्या आठवड्यात काही भरू नका. आधी जिना बघा, दुकान किती लांब आहे ते चालून बघा, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पुन्हा एकदा चाचणी करा, आणि मग ठरवा पहिली जड वस्तू कोणती आणायची.